पंधरा पैशांचं कार्ड आणि सरकारचा तोटा

जालना नवा जिल्हा झाला तेव्हा वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावाला वाटलं, आता साहेबलोक जवळ आले, कामं जल्दी होतील. माझ्याकडे पहिला साहेब आला तोच पोस्ट बंद करायची गोष्ट घेऊन.

पोस्ट म्हणजे माझ्या घराची ओसरी. एक लाकडी पेटी, तराजू, शिक्का आणि मी. शेती सांभाळून रोज तीन तास पोस्टमास्तर. गावात मला मान होता तो त्या तीन तासांचाच. उरलेल्या एकवीस तासांत घरातलं मांजरही विचारत नसे.

इन्स्पेक्टरसाहेबांनी वह्या चाळल्या. "मास्तर, या शाखेवरच्या खर्चाच्या मानानं उत्पन्न फार कमी. सरकार थोडा तोटा सोसतं, पण त्यालाही हद्द आहे. वर्षभरात सुधारणा दिसली नाही, तर शाखा बंद."

उत्पन्न म्हणजे विक्री, असा सरळ हिशेब मी केला. आपल्याकडे सगळ्यात जास्त काय खपतं? पोस्टकार्ड. मग खपवा! दुसऱ्या दिवसापासून पारावर उभा राहून मी लोकांच्या मागे लागलो. लेकीला लिहा, व्याह्यांना लिहा, परतूरच्या आडत्याला कापसाचा भाव विचारा. एकाचं परगावी कुणीच नव्हतं. त्याला म्हटलं, समोरच्या घरी लिही. मग गावाला त्याचं खूळच लागलं. अबोला धरलेल्या दोन भावांनी तर बांधाचं सगळं भांडण पंधरा-पंधरा पैशांत केलं.

हाल झाले आमच्या पोस्टमनचे. एक दिवस त्यांनी थैली ओसरीवर आदळली.

"मास्तर, ह्या गल्लीचं कारड त्या गल्लीला द्यायला मी रोज हिंडून राह्यलो. तोंडानं बोलता येत न्हाई का लोकायला?"

"पोस्ट वाचवायचंय."

"मंग माझे पाय कोण वाचविल?"

वर्षानं साहेब आले. मी छाती काढून वही पुढे केली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"एवढी कार्डं?"

"लोकांना गोडी लावली, साहेब."

"अहो, कार्ड छापायला, न्यायला, वाटायला पंधरा पैशांहून कितीतरी जास्त पडतात. गरिबाला परवडावं म्हणून सरकार ते तोट्यात विकतं. जितकी कार्डं जास्त, तितका तोटा जास्त. आणि तुम्ही..."

दारात बसलेले पोस्टमन पोट धरून हसत होते.

"मग खपवायचं काय, साहेब?"

"बचत खाती उघडा. लोकांचा पैसा इथं राहिला की शाखेच्या बाजूनं काही बोलता तरी येतं. तुमचं स्वतःचं खातं आहे ना?"

मी तराजूची पारडी सारखी करू लागलो.

"न्हाई साहेब," पोस्टमन म्हणाले, "मास्तरचा पैसा अंबडच्या बँकेत हाय. मीच संगं गेल्तो."

साहेबांनी आणखी सहा महिने दिले. ते दयेपोटी की वैतागून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खाती मागायला निघालो तर पहिल्याच घरातल्या मावशी म्हणाल्या, "आधी तुमचं बुक दाखवा, मास्तर." झालं! अंबडला जाऊन सगळे पैसे काढले आणि माझ्याच ओसरीवर भरले. देणारा मी, घेणारा मी. तरी तीनदा मोजले, कारण दोघांवरही माझा भरवसा नव्हता. मग ते पासबुक हातात धरून दारोदार फिरलो. मावशींनी खातं उघडलं, त्यांच्याबरोबर कापूस वेचणाऱ्या बायांनी उघडलं. दोघा भावांनीही उघडलं, मात्र वेगवेगळ्या दिवशी येऊन.

सहा महिन्यांनी साहेबांनी वही पाहिली. मग शेऱ्यात लिहिलं, 'शाखा चालू ठेवावी.' उठता उठता खिशात हात घातला.

"एक कार्ड द्या. आईला लिहायचं राहिलंय."

"साहेब, सरकारचं नुकसान होईल."

"होऊ द्या." त्यांनी पंधरा पैसे ठेवले आणि तिथंच बसून चार ओळी लिहिल्या.

पोस्टमननी कार्ड हातात घेतलं, पण थैलीत टाकलं नाही. आधी पत्त्यावर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं.

"बघा बरं मास्तर, गाव तरी दुसरं हाय ना?"