हिरोईनच्या पायाची पट्टी

"पट्टी दिसाले नाई पायजे भाऊ," असं नाटक कंपनीचा मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी पट्टी परत ट्रेमध्ये ठेवली. म्हटलं, "मग तुम्हीच बांधा."

ब्रह्मपुरीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी ड्रेसर आहे. जखमा धुणं, मलमपट्टी करणं हे माझं काम. डॉक्टरांना मी घाबरतो, मोठ्या सिस्टरांना त्याहून जास्त घाबरतो. पण पट्टीच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

स्टुलावर वंदनाबाई बसली होती. त्याच कंपनीची हिरोईन. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. आदल्या रात्री शेतातल्या स्टेजची फळी निसटली आणि बाईचा उजवा पाय मुरगळला. घोटा वांग्यासारखा सुजलेला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. स्प्रेन होता, म्हणजे सांधा धरून ठेवणारे दोर ताणले गेले होते.

"आठ दिवस आराम," डॉक्टर म्हणाले. नाटक त्याच रात्री होतं.

"आज मी नाई उभी राह्यली तं रोल दुसरीले जाते," वंदनाबाई म्हणाली. "तिनं माये डायलॉग पाठ करून ठेवले हायेत. मंग सीझनभर मले कोन इचारते?"

हे बोलताना ती अ‍ॅक्टिंग करत नव्हती. मला वाईट वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं असावं. "नाचायचं नाही, हील घालायची नाही, होईल तेवढं बसून काम करायचं," ते म्हणाले. "रज्जाकभाऊ, क्रेप बांधा."

क्रेप बँडेज म्हणजे ताण घेणारी बदामी पट्टी. बोटांच्या मागून सुरू करायची. पावलाला दोन वेढे, मग घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. प्रत्येक वेढ्यानं आधीचा अर्धा झाकायचा. त्यानं सूज आवरते, घोटा डगमगत नाही. बोटं मात्र उघडी ठेवायची. पट्टी जास्त घट्ट झाली की पहिली तक्रार बोटं करतात. निळी पडतात, गार होतात, मुंग्या येतात. नख दाबलं की पांढरं होतं, सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं तर पट्टी सोडून पुन्हा बांधायची.

इथे दहाही नखांवर लालभडक नेलपॉलिश होतं. वरून मॅनेजरनं पिशवीतून अंगाच्या रंगाचे मोजे काढले.

"मोज्यात बोटं दिसणार कशी?" मी विचारलं.

"पायाकडं कोन पायते भाऊ? पब्लिक तोंडाकडं पायते."

"मी पायाकडेच पाहतो."

"अन् नाटकातली जमीनदाराची पोरगी पट्टी बांधून एंट्री घेईन काय? शिट्ट्या मारतीन लोकं."

वंदनाबाई इतका वेळ पायाकडे बघत होती. तिनं मान वर केली. "तो व्हिलन मले कवा ढकलते?"

"तिसऱ्या अंकात," मॅनेजर म्हणाला.

"पयल्याच अंकात ढकला. पडद्यामागून किंचाळतो मी, मंग पट्टी बांधूनच येतो. बसून रडतो."

"लेखकाले इचारा लागन."

"लेखक तिकडं वडशाले गावी हाय. नाटक आज हाय."

मॅनेजरनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. मी पट्टी उचलली.

अंगठ्याचं तरी नख कोरं हवं, म्हणून मी हटून बसलो. आमच्या स्पिरिटनं ते नेलपॉलिश हलेना. शेवटी तिच्याच मेकअपच्या डब्यातल्या रिमूव्हरनं निघालं. पुढे रोज तिलाच बांधायची होती, म्हणून मग तिच्याकडूनच पट्टी बांधून घेतली. पहिल्या वेळी पोत्याचं तोंड बांधावं तशी बांधली. सोडायला लावली. दुसऱ्या वेळी जमली. "प्रत्येक अंक संपला की नख दाबायचं," मी सांगितलं. "झोपताना पट्टी काढायची. तुमची रात्र दिवसा असते, तर दिवसा काढा."

चौथ्या दिवशी दाखवायला आली, तेव्हा सूज अर्ध्यावर होती. बोटं गुलाबी होती. "पट्टी पाहूनच बाया रडाले लागल्या भाऊ," ती म्हणाली. रोल तिचाच राहिला. महिन्याभरात घोटा बरा झाला आणि डॉक्टरांनी पट्टी बंद केली.

होळीच्या आसपास आमच्या फार्मासिस्टनं चहा पिताना मोबाइलवर आदल्या रात्रीच्या नाटकाची क्लिप दाखवली. वंदनाबाई स्टेजवर बसून रडत होती. पट्टी अजून पायावर होती, वेढे एकसारखे. मी क्लिप थांबवायला लावली. पट्टी डाव्या पायावर होती. हसताना माझा चहा शर्टावर सांडला.

मग मी थांबलेलं चित्र मोठं करून पाहिलं. पाचही बोटं उघडी. चार नखं लाल, अंगठ्याचं कोरं.

"पाय चुकला बाईचा," फार्मासिस्ट म्हणाला.

"चुकू दे," मी म्हटलं. "पट्टी बरोबर हाय."