भाजीच्या काट्यावर पातेलं

बायको असती तर मोबाईल काढायची वेळच आली नसती. तिची पद्धत साधी. वस्तू हातात धरायची आणि भाव पटेपर्यंत सोडायची नाही. एकदा खाली ठेवली की दुकानदार जिंकला, म्हणायची.

तिला हरवलं ते मीच. मीरा रोडला एक मोठं दुकान आहे, भाजीपासून भांड्यांपर्यंत सगळं मिळतं. तिथं तिनं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं उचललं. वैशाख पौर्णिमेची खीर आमच्या जुन्या पातेल्यात दरवर्षी बुडाला लागायची. ती काउंटरवर भाव करायला लागली आणि मला लाज वाटली. म्हणालो, "ठेव ते. इथं छापील भाव असतो. इज्जत घालवतेस." तिनं ठेवलं. मी तीस वर्षं भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारलं, आणि माझ्याच घरात खीर करपायची.

ती गेली, त्याला वर्ष झालं. रविवारी पुण्यानुमोदन ठेवलं होतं. भंतेजी येणार, तीसेक माणसं येणार, तिच्या नावानं खीर होणार. मला तेच पातेलं पाहिजे होतं, आणि तिला पटला असता त्याच भावात. गपचूप भावाच्या चिठ्ठीवरचे पैसे भरून आणलं असतं तर तिच्या फोटोसमोर कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो?

शुक्रवारी गेलो. पातेल्यावर चौदाशेची चिठ्ठी. मुलीनं माझ्या मोबाईलात त्याच दुकानाचं ॲप टाकून दिलंय. त्यात तेच पातेलं साडेअकराशे. मला अक्षरं वाचायला वेळ लागतो, आकड्यांना नाही. पातेलं बगलेत मारलं आणि मॅनेजरला मोबाईल दाखवला.

"काका, वो ऑनलाइन का रेट है. स्टोअर का अलग."

"दुकान एकच ना तुमचं?"

"माल अलग आता है. ऑनलाइनवाला हलका होता है."

इथं तो फसला. मी पातेलं उलटं केलं, बुडावर टिचकी मारली. "तीस साल बर्तन घिसा है मैंने. हलका-भारी मेरे को मत सिखाओ. ॲप में वजन लिखा है. चलो काटे पे."

भाजीच्या काट्यावरची बाई दुधी मोजत होती. "काका, इथं फक्त भाजी."

"मग हा स्टीलचा दुधी समज, बाई."

ती हसली. मी पातेलं ठेवलं. "हात काढा की, वजन चुकेल." हात काढायचं जिवावर आलं. बोटभरच उचलला, वर तसाच धरून ठेवला. काटा म्हणाला दोन किलो शंभर. मोबाईल म्हणाला दोन किलो शंभर.

"एकदम सेम छे!" कोथिंबीर घेऊन मागं उभी असलेली एक बाई ओरडली. "अंकल, मारी कढाई भी देखो ने!" रांगेतल्या दोघातिघांनी आपापले मोबाईल काढले.

मॅनेजरचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, ॲप से ऑर्डर डालो. दुकान से लेके जाएगा, ऐसा दबाओ. यही पीस देता हूँ." कुठं दाबायचं ते त्यानंच दाखवलं. साडेअकराशे.

"आणि थैली?"

"थैली का दस रुपया, काका."

दोन्ही हातांनी पातेलं छातीशी धरून काउंटरसमोर उभा राहिलो. मागं रांग वाढत गेली. त्यानं कपाळाला हात लावला आणि थैली दिली.

रविवारी खीर झाली, सगळ्यांना पुरली. पातेलं घासायला मीच बसलो. मुलगी नको म्हणत होती, ऐकलं नाही. बुडाला काहीसुद्धा लागलेलं नव्हतं. तरी घासलं, पॉलिश मारल्यासारखं, तोंड दिसेपर्यंत. मग तिच्या फोटोपुढं नेऊन सांगितलं, "साडेअकराशे. थैली फुकट."