राहून गेलेली ऑर्डर

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं, मी फायटर उडवायचो. मी हवाई दलात सार्जंट होतो. विमानं दुरुस्त करायचो. एका वर्षी कोकणात पूर आला आणि आमचं छोटं मालवाहू विमान आठ दिवसांसाठी मुंबई विमानतळावर आलं. रोज औषधांच्या दोन फेऱ्या. माझा जोडीदार कॉर्पोरल राणे. त्याचं घर विमानतळाच्या भिंतीपलीकडे, वाकोल्यात. आईने दिलेला डबा तो आणायचा, निम्मा मीच फस्त करायचो.

आमच्या कामात एक नियम कडक. ‘धर’ ज्याने सांगितलं, ‘सोड’ त्यानेच सांगायचं. मध्ये कुणी स्वतःचं डोकं चालवलं, की कुणाचा तरी हात जातो. राणेला हे मीच शिकवलं होतं.

सहाव्या दिवशी राणे विमानासोबत गेला. १४:१० ला, परतताना, पुढचं चाक खाली येईना. इंधन वीस मिनिटांचं. मी रेडिओ घेऊन धावपट्टीच्या कडेला जीपमध्ये होतो. कॅप्टनने राणेला रेडिओवर माझ्याशी बोलायला दिलं.

“दादा, वाट लागली ना?”

“बडबड नको. हातपंप मारून चाक खाली ढकल.”

विमान डोक्यावरून गेलं. दुर्बिणीतून चाक खाली दिसलं.

“चाक आलंय. दिवा?”

“लालच.”

म्हणजे चाक लॉक झालं नव्हतं. पंपाचा दाब गेला, की ते दुमडणार.

“पंपाचा दांडा दाबून धरून ठेव.”

“धरला.”

पंपापाशी सीट नाही, बेल्ट नाही; चाक दुमडलं तर विमान घासत थांबेल, पण तिथला माणूस फेकला जाईल. विमान टेकण्याआधी ‘सोड, जागेवर बस’ एवढंच मला सांगायचं होतं. माझे डोळे चाकाला चिकटले होते. मी बोललोच नाही. १४:२६ ला विमान टेकलं. चाक शेवटी दुमडलंच. चौघं चालत बाहेर आले. राणे आला नाही. मी बंद रेडिओवर “सोड, सोड” ओरडत होतो, असं ड्रायव्हर नंतर म्हणाला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं. ऑर्डर माझ्याकडून राहून गेली, हे राणेच्या आईला, मावशींना, सांगायची मात्र छाती होईना. दर महिन्याला वाकोल्याला जायचो, जेवायचो, तोंड मिटून परत यायचो. अशी नऊ वर्षं. गेल्या गणपतीत पानावर बसलो आणि सांगून टाकलं.

मावशींचा वाढता हात थांबला नाही.

“माका म्हायत आसा रे. तुमचो सायब तेव्हाच सांगान गेलो. बोललंय तर तू येवचो नाय, म्हणान गप रवलंय. मगे माझ्या झिलाबद्दल बोलूचा कोणाकडे?”