आईच्या पायाचे ठिपके

मधुमेहानं आईचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पहिला नकली पाय प्लॅस्टरचा साचा घेऊन बनवला होता. तो एका जागी घासला आणि जखम झाली. ती भरेपर्यंत रायपूरकडच्या आमच्या कोहक्याच्या घरात कुणाला धड झोप नव्हती, कारण मूळचा पायही अशाच जखमेनं गेला होता.

मी कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात आहे. मशीनचे जुने भाग आम्ही हातातल्या स्कॅनरनं टिपतो. त्याचा उजेड जिथं पडतो तिथला एकेक ठिपका कॉम्प्युटरवर उमटतो आणि लाखो ठिपक्यांतून वस्तूचा आकार उभा राहतो. रायपूरचा पाय बनवणारा म्हणाला, उरलेल्या पायाचा असा आकार मिळाला तर नवा पाय त्यावरूनच बनवतो. साहेबांना विचारून रविवारी मी स्कॅनर घरी आणला.

स्कॅनरसाठी पायावर खुणेचे गोल स्टिकर चिकटवताना आई हसली. "टिकल्या कावून लावून राहिली वं?"

पण स्क्रीनवर पाय उमटला तो दुहेरी. कातडीचे दोन थर, एकाला लागून दुसरा. लोखंडाचा भाग असता तर मी मधला आकार धरून मोकळी झाले असते. इथं चुकीचा धरला तर पुन्हा जखम. परत स्कॅन केलं, परत तेच.

"आई, हालू नको ना."

"मी कुठं हालून राहिली?"

मी गुडघ्यापाशी हात ठेवला. उजेड जवळ आला की मांस आतल्या आत आवळत होतं.

"भेव लागते का तुले?"

"त्या डॉक्टरनं असाच लाईट मारून पाह्यलं होतं. मंग म्हणे, कापा लागते."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "कुठं टिपायचं राह्यलं ते तूच सांग."

ती चष्मा सावरून ठिपके पाहू लागली. "हे पाह्य, मागं भोक दिसून राहिलं." तिनंच पाय उचलून वळवला. पाहण्याच्या नादात तो सैल पडला आणि मी पुन्हा स्कॅनर फिरवला तर थर एकच आला.

फाइल रायपूरला गेली, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नवा पाय आल्यावर रोज संध्याकाळी मी तिची कातडी निरखायची. एकदा हाडाच्या टोकाशी लाली दिसली. रायपूरला धावलो. पाय बनवणाऱ्यानं नव्या पायाची तेवढी जागा आतून घासून दिली. हळूहळू लाली गेली.

आता आई भाजीला एकटी जाते. ती परतेपर्यंत मी फाटकाशी थांबते, म्हणून ती चिडते. "ऑफिसले जा ना वं तू!"