चूक पुस्तकाची

ग्लेनिस ट्रेगेन्झाच्या समोरच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. तिला शांत बसलेलं मी फक्त जेवणाच्या सुट्टीत पाहिलंय, तेही खिमा भरलेला ‘मीट पाय’ गरम मिळाला तर. होबार्टच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही कंपायलर बनवतो, म्हणजे माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. तो कसा वापरायचा ते सांगणारं पुस्तक ग्लेनिस सांभाळते. आम्ही प्रोग्रामर रोज काहीतरी बदलतो, काढून टाकतो आणि तिला सांगायचं मात्र सोयीस्कर विसरतो. नवी आवृत्ती निघण्याआधी ती बिचारी पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून बघते. पण आमच्यापुढे कुणाचं काय चालणार!

या खेपेला तिची तपासणी उरकल्यावर आमच्या साहेबाने, रॉसने, ‘अंश’ नावाचा जुना पर्याय काढून टाकला. तो दिला की गणिताची फंक्शनं कोन अंशांत मोजायची. एरवी रेडियनमध्ये, म्हणजे वेगळ्याच मापात. जुनी गिऱ्हाइकं ओरडू नयेत म्हणून कंपायलर तो पर्याय अजून स्वीकारतो आणि गिळून गप्प बसतो. पुस्तक मात्र म्हणतच राहिलं, अंश चालतात.

बर्नी बंदरातल्या मरी हॅदर्ली या वयस्क प्रोग्रामरने पुस्तकावर विश्वास ठेवला. क्रेन किती कलली ते मोजणारा त्याचा प्रोग्राम त्याने नव्या कंपायलरवर चढवला, अंशांतले कोन रेडियन समजले गेले, आकडे भलतेच आले आणि धोक्याचा भोंगा काही थांबेना. बंदराचं काम अडलं, मरीला घरी बसवलं. त्याने फोन केला तेव्हा ग्लेनिसने तो स्पीकरवर घेतला.

“बाई, एवढंच सांगा, मी चुकलो का? बंदरात म्हणतात, म्हातारा झाला, याला आता झेपत नाही.”

तिने तिथल्या तिथे चालवून पाहिलं. “तुम्ही नाही हो. पुस्तक चुकलं. तसं मी त्या पानावरच लिहिते.”

तासाभरात रॉस तणतणत आला. “ग्लेन, अगं, ‘हा पर्याय आता काही करत नाही’ इथवर ठीक आहे. पण ‘या पानावर आधी चुकीचं लिहिलं होतं’ कशाला? गुपचूप दुरुस्त कर ना!”

“गुपचूप तू काढलास, म्हणून तर ही वेळ आली!”

“मी जरा झाडलोट केली, इतकंच.”

“झाडलोट! अरे, जिना काढलास आणि घरात कुणाला सांगितलं नाहीस. आता गुपचूप दुरुस्त केलं, तर मरीचे साहेब पान उघडतील, ते अगदी बरोबर असेल आणि तो माणूस खोटा ठरेल. शिरतंय का डोक्यात?”

मलाही रॉसचा असा राग आला होता की विचारू नका.

“कंपनीचं नाव जातं, ग्लेन.”

“मग काढ ते वाक्य. पण आधी त्याला स्वतः फोन करून तसं सांग.” तिने नंबर लावून फोन त्याच्यापुढे सरकवला.

मरीने लगेच उचलला. “ठरलं का काही? बायको विचारतेय, उद्या कामावर न्यायचं सँडविच बांधू की नको.”

रॉस खाली बसला.

“बांधायला सांगा,” तो म्हणाला. “चूक आमची आहे. तुमच्या साहेबांचा नंबर द्या मला.”