छान म्हणायचं नाही

आमच्या शेलार गावच्या शाळेतल्या सोनावणे बाईंना कोणी ‘छान’ म्हटलं की त्यांचं तोंडच पडायचं. पहिल्याच भेटीत मी नेमकं तेच केलं. माझी पिंकी चौथीत, धाकटा माझ्या कडेवर, आणि शाळेतून बोलावणं आलेलं. माझी शाळा सातवीत सुटलेली, अजून शाळेचं फाटक दिसलं की मी रस्त्याच्या पलीकडून जायचे. वाटलं, पोरीने काहीतरी तोडलं असणार.

तसं काही नव्हतं. बाईंनी पोरांना सांगितलेलं, घरी आईला कसला त्रास होतो ते विचारा आणि त्यावर काहीतरी बनवा. आमच्या भिंतीला लागूनच कापड विणायचे लूम, कापसाचे तंतू उडून पाण्याच्या हंड्यात पडतात. कडेवर पोर असलं की एका हाताने झाकण काढू का पाणी घेऊ? म्हणून पिंकीने अर्धंच उघडणारं झाकण केलेलं, पुठ्ठ्याचं.

“ताई, वापरलंत ना? कसं आहे?”

“छान आहे, बाई.”

“छान नका हो म्हणू!” बाईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली. “छान म्हटलं की पोरीचं काम तिथंच थांबतं. अडलं कुठं ते सांगा.”

खरं तर पुठ्ठा दोन दिवसांत भिजून पाण्यात पडलेला, पण बोलले आणि पिंकीचे मार्क गेले तर? घरी सासू टपलेलीच होती. “शाळेत खोके कापतात, अभ्यास न्हाय काय न्हाय. चौथी झाली की बस. माझ्यासोबत लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला बसव तिला.”

शेवटी पिंकीच ओरडली, “आई, सांग ना, भिजलं ते!” आणि बाई अशा खूश, जशी पोरगी पहिली आली.

दुसरं झाकण पत्र्याचं, त्याने माझं बोट कापलं. तिसरं प्लास्टिकचं, मधे वाकायला सायकलच्या ट्यूबची पट्टी. ते बघायला बाई स्वतः घरी आल्या आणि सासूने त्यांना दारातच धरलं.

“ओ बाई, हे काय शिकवता? म्हातारीची बोटं वाकत न्हाईत, हे उचलायचं कुठून? झाकण हाय का कोडं हाय?”

मी पदर तोंडाला लावला. संपलं, म्हटलं, आता पोरीची शाळा गेली.

बाईंची पेन्सिल बाहेर. “पिंकी, लिहून घे. अजून काय, आजी?”

सासू अर्धा तास बोलली. तिला जन्मात कोणी ‘अजून काय’ विचारलं नसेल.

चौथ्या झाकणाला सुतळीची कडी होती. सासूने एका बोटाने उचललं, पाणी प्यायली, म्हणाली, “कडी बारीक हाय. पाचवं कधी करतेस गं?” मग माझ्याकडे वळून, “आणि पाचवीला हिला कुठं घालणार? तिथं असं शिकवतात का, विचारून ये आधी.”

मी मोरीत जाऊन रडले, नळ सोडून.

वर्ष संपलं आणि बाईंची बदली खारबावला झाली. निरोपाला सगळ्या आया डोळे पुसत एकच म्हणत होत्या, “छान शिकवलंत, बाई.” बाईंचं तोंड पडलेलं. मी उठून उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, “बाई, तुम्ही लय भरभर बोलता, आमच्यासारख्या कमी शिकलेल्यांना अर्धं कळत न्हाय आणि परत विचारायची भीती वाटते.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली.

“अजून... काय... ताई?” त्यांनी विचारलं, अगदी सावकाश.