सगळ्या गावाची भांडी

आमच्या बचत गटात सुरुवातीला सगळ्या एकाच आळीतल्या बायका होत्या. कोणी कोणाची जाऊ, कोणी नणंद, कोणी चुलतसासू. मी गटाची अध्यक्ष झाले ती फार हुशार म्हणून नव्हे. बारावीपर्यंत शिकलेली होते आणि बँकेत साहेबापुढं बोलायला भीत नव्हते, एवढंच. गाव मोताळा तालुक्यातलं, कापूस आणि सोयाबीनचं. दर महिन्याला आमच्या ओसरीवर बैठक व्हायची, चहा व्हायचा, आणि गावात आणखीही बायका आहेत हे आमच्या ध्यानातही यायचं नाही.

एका वर्षी ग्रामसेवकांनी निरोप दिला की, महिला व बालकल्याणाच्या निधीतून गावातल्या एखाद्या गटाला अनुदान देता येईल. आम्ही चौघी-पाचजणी नटूनथटून मोताळ्याला पंचायत समितीत गेलो. तिथं हे काम बघणाऱ्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, तुमच्या गटात बौद्धवाड्यातली बाई कोण? मोहल्ल्यातली कोण? आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. बाई शांतपणे म्हणाल्या की, पैसा गावाचा आहे, तर गटात सगळ्या वस्त्यांतल्या बायका पाहिजेत आणि जे घ्याल ते सगळ्या गावाच्या कामी आलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्या गटाचा विचार करू.

येताना बसमध्ये माझी मोठी जाऊ म्हणाली, त्यात काय, दोन नावं टाकू, सह्या आणू, मोकळं होऊ. मला ते पटलं नाही. नावापुरती माणसं जोडली की ती जोडलेली राहत नाहीत, हे मी घरातच पुष्कळ पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बौद्धवाड्यात गेले. तिथल्या एका मावशींना मी ओळखत होते. कापूस वेचायला त्यांची बायकांची टोळी कित्येक वर्षं आमच्या शेतात येत होती. मजुरीच्या गोष्टीत त्या माझ्या सासऱ्यांचंही ऐकत नसत. त्यांच्या दारात मात्र मी पहिल्यांदाच उभी होते. त्यांनी खाट टाकली, पाणी आणून दिलं. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत त्या माझ्याकडं बघत होत्या. मी कशासाठी आले ते सांगितलं.

"अटीसाठी आली, का मनानं आली?" त्यांनी विचारलं.

"अटीसाठीच आली," मी म्हटलं. "पण आता आलीच हाये, तं नुसतं नाव नाही मागत. तुमी या."

मावशी जरा हसल्या. "खरं तं बोलली. मंग मायंही ऐक. मी आली तं सतरंजीच्या कोपऱ्यात नाई बसनार."

मोहल्ल्यातल्या भाभींकडं जाणं त्यामानानं सोपं होतं. स्टँडजवळ त्यांच्या नवऱ्याचं गाद्या भरायचं दुकान, मागं घर. त्यांचे सासरे आणि माझे सासरे लहानपणापासूनचे दोस्त. भाभींनी एवढंच विचारलं, की बैठक दुपारची ठेवाल का, म्हणजे दुकानातलं काम उरकून येता येईल. बैठक दुपारची झाली. मावशी सतरंजीच्या मधोमध येऊन बसल्या. माझी जाऊ थोडी सरकून बसली. ते सगळ्यांनी पाहिलं.

काय घ्यायचं यावर पुष्कळ वाद झाला. शिवणयंत्रं म्हटलं तर ती कोणाच्या घरात राहणार, हा प्रश्न. पिठाच्या गिरण्या गावात होत्याच. मग भाभी म्हणाल्या की, त्यांच्या मुलीच्या निकाहाला वरण-भाताची मोठी भांडी नांदुऱ्याहून टेम्पोनं आणावी लागली होती, आणि भांड्यांपेक्षा टेम्पोच महाग पडला होता. गावात जेवणावळीची भांडी होती, एका देवस्थानाच्या समितीकडं. ती कोणाला मिळत आणि कोणाला नाही, हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशी म्हणाल्या, "माया पोराच्या लग्नाच्या वक्ती मी मांगायले गेली होती. भांडे बाहेरगावी गेले म्हणून सांगतलं. खिडकीतून मले गंजावर गंज रचलेले दिसून राह्यले होते."

त्यानंतर दुसरं काही सुचवायला कोणी धजलं नाही. भांडीच घ्यायची ठरली. मटणाचा प्रश्न निघणार हे ओळखून भाभींनीच तो आधी मिटवला. बिर्याणीची देग त्यांच्या जमातीकडं होती, ती त्यांना पुरत होती. मग नियम केला, की या भांड्यांत मटण कोणीही शिजवायचं नाही, ना मोहल्ल्यात, ना बौद्धवाड्यात, ना देवीच्या नवसाला आमच्या आळीत. यावर आळीतल्याच बायका जास्त कुरकुरल्या.

अनुदान आलं तेव्हा आम्ही सगळ्या मिळून नांदुऱ्याला गेलो. मोठाले गंज म्हणजे पातेली, कढया, पराती, वाढायच्या बादल्या, ताटं, पेले. नाव घालणाऱ्यानं विचारलं, कोणाचं नाव घालू? गटाचं नाव घालावं असं काहींना वाटत होतं. मावशी म्हणाल्या, गावाचं घाल. सगळ्या भांड्यांवर फक्त गावाचं नाव आलं. ठेवायला समाजमंदिराची एक रिकामी खोली मिळाली, आणि किल्ली भाभींकडं राहिली, कारण त्यांचं दुकान दिवसभर उघडं असायचं.

पहिल्यांदा भांडी गेली ती मावशींच्या पुतणीच्या लग्नाला. परत आली ती घासूनपुसून, दुकानातून आणली त्याहून लख्ख. त्याच आठवड्यात आळीतली काही वडीलधारी माणसं आमच्या घरी आली. बोलणं अगदी गोड होतं. गटाचं कौतुक केलं, माझ्या शिक्षणाचं केलं. मग म्हणाले की, भांडी दोन ठिकाणी वाटून ठेव, तळाशी बारीकशी खूण कर, कोणाला कळायचंही नाही. मी विचारलं, मटण तर कोणीच शिजवत नाही, मग वेगळं कशासाठी? त्यांनी रीत म्हणून सांगितलं. रीत कशाची, ते मात्र सांगितलं नाही. मी म्हटलं, गटापुढं ठेवते.

बैठकीत मी सगळं सांगितलं. मावशी आणि भाभी दोघी गप्प होत्या. आम्ही काय म्हणतो हे त्यांना ऐकायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, भांडी एकच राहतील, खूण होणार नाही, ज्याला चालत नसेल त्यानं मोताळ्याहून आणावी. माझी जाऊ उठली आणि चप्पल घालून निघून गेली. तिच्या मागं आणखी काही गेल्या. ज्या बसून राहिल्या त्यांच्यात आळीतल्याही होत्या. घरी जाऊन बोलणी खावी लागणार हे त्यांना माहीत होतं, तरी त्या बसल्या.

त्यानंतरचा पूर्ण लग्नसराईचा हंगाम आमच्या आळीतून एकही माणूस किल्ली मागायला आला नाही. मोताळ्याहून भांड्यांचे टेम्पो येत राहिले. बाकीच्या गावात आमची भांडी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरत होती. नळावर बायका मला ऐकू जाईल असं बोलायच्या. माझ्या नवऱ्याला पारावर लोक विचारायचे, गट कोण चालवतं, तू का ती? तो घरी येऊन जेवायचा आणि न बोलता झोपायचा. मी त्याला काही म्हटलं नाही. पण मागंही हटले नाही.

पुढच्या वर्षी, कापसाची शेवटची वेचणी चालू असताना, माझे सासरे गेले. दुखणं फार नव्हतं. सकाळी शेतात जाऊन आले, अंगणात बसले आणि गेले. तेरवीची तयारी ठरवायला सगळे भाऊबंद जमले. बोलता बोलता माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणाले की, भांड्यांचं मोताळ्यात सांगून झालं आहे.

मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर सावरला आणि उंबऱ्याशी उभी राहिले.

"भाऊजी, भांडे गावात हायेत," मी म्हटलं. "मावशीची टोळी बाबाच्या तरुणपणापासून या वावरात येऊन राह्यली. बाबाच्या तेरवीले तिचा हात लागलेलं भांडं चालत नसंल, तं मी त्या दिवशी चूल पेटवत नाही."

जाऊ म्हणाली की, पावणे उठून जातील, मेलेल्या माणसाची शोभा होईल. भासरे माझ्या नवऱ्याकडं बघत होते, की यानं मला आवरावं. तो खाली बघत होता. तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. नवरा गेल्यापासून त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या.

"मले कोणी इचारलं का?" त्या म्हणाल्या. "हर ईदीले दोस्ताच्या घरून शिरखुर्मा ये. तुमचा बाप वाटी पुसून खाये. कोन्त्या भांड्यात शिजवला, असं त्यानं जलमात इचारलं नाई. मंग त्याच्याच तेरवीले काऊन इचारता? गावातले भांडे आना."

भासऱ्यांनी मोताळ्याला फोन लावून नाही म्हणून सांगितलं.

तेरवीच्या दिवशी भांडी ट्रॅक्टरमधून आली. मांडवात पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. भाभी सकाळीच येऊन भाजी चिरायला बसल्या होत्या. मावशींनी टोळीला सुट्टी दिली होती. आधी ज्यांनी खूण करायला सांगितलं होतं ती माणसं आली, सासऱ्यांच्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि जेवण न करता चपला घालू लागली. त्यांच्या मागं आणखी लोक उठले. पंगतीच्या पट्ट्या मधेमधे रिकाम्या पडल्या.

मी भासऱ्यांकडं बघायचं टाळत होते. ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहून जाणाऱ्यांकडं बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हा राग माझ्यावर निघणार, असं मला वाटलं. ते एका चुलतभावाला म्हणाले, "माया बापाच्या तेरवीचं अन्न सोडून चालले हे." मग मागं वळले, रिकाम्या पट्टीवर जाऊन बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले की, वाढ मले. माझ्या नवऱ्यानं वरणाची बादली उचलली. त्या दिवशी शेवटच्या पंगतीपर्यंत त्यानं ती खाली ठेवली नाही.

बायकांच्या पहिल्या पंगतीत सासूबाईंनी मावशींना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. पूर्वी वाड्यातली माणसं तेरवीला यायची ती सगळ्यात शेवटी, आणि बसायची ती गोठ्याच्या बाजूला. त्या दिवशी मावशींनी पोळी मोडली, सासूबाईंनीही मोडली, आणि दोघी कापसाच्या जुन्या वर्षांबद्दल बोलत जेवल्या. जे गेले त्यांच्या जागा मोहल्ल्यातल्या आणि वाड्यातल्या माणसांनी भरल्या. अन्न उरलं नाही.

त्यानंतर सगळं गाव एकदम बदललं, असं काही झालं नाही. पण आळीतून कोणी कोणी किल्ली मागायला भाभींच्या दुकानात येऊ लागलं. माझी जाऊ गटात परत आली नाही, माझ्याशी बोलतेही तुटक. मात्र तिच्या मुलीच्या साखरपुड्याला भासऱ्यांनी स्वतः जाऊन किल्ली आणली. काही घरं अजून मोताळ्याहूनच भांडी आणतात. त्यांच्याशी आम्ही भांडत नाही. गटात आता आळीपेक्षा बाकीच्या वस्त्यांतल्या बायका जास्त आहेत, आणि बैठक कधी आमच्या ओसरीवर, कधी मावशींच्या अंगणात, कधी गाद्यांच्या दुकानामागं होते.

सध्या आम्ही समाजमंदिरामागं पत्र्याचं शेड आणि नळ मागतो आहोत, कारण एवढी मोठी भांडी बायकांना रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून घासावी लागतात. प्रस्ताव एकदा परत आला. जागेच्या नकाशात चूक आहे म्हणाले, ती दुरुस्त केली. या सोमवारी आम्ही पुन्हा मोताळ्याला जाणार आहोत, यावेळी चौघी-पाचजणी नाही, सगळ्याच. वेचणीचे दिवस आहेत, पण मावशींनी शेतवाल्यांना आधीच सांगून ठेवलं आहे, की त्या दिवशी टोळी दुपारनंतर येईल.